खंडेनवमीला निजलेले सेल

बसवकल्याणच्या बाहेर, हायवेकडे तोंड करून उभ्या असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेटी एकच होती आणि तिच्यात हात घालणारे दोघं. एका चुलीवर दोन जावा म्हणा ना. फरक इतकाच, की या जावांपैकी एक लिंगराज होता आणि त्याला मिशा होत्या.

पेटी काचेची, चांगली कपाटाएवढी. समोर दोन गोल भोकं आणि त्यांना लावलेले लांबलचक काळे रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून मोज्यांत हात घालायचे आणि काचेतून बघत आत काम करायचं. आत आर्गॉन नावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा वायू भरलेला. आणि कोरडेपणा असा, की वैशाखातली कलबुर्गीसुद्धा त्यापुढे ओलीचिंब वाटावी. कारण आतल्या कामाला पाण्याचं वावडं होतं. बॅटरीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक छिद्रांचा पडदा असतो आणि त्या पडद्यात भिनलेला एक द्रव. लिथियमची सगळी ये-जा त्या द्रवातून. त्यात विरघळवलेल्या मिठाला ओलावा लागला की त्याचं आम्ल होतं, आणि ते आम्ल सगळा संसार खाऊन टाकतं.

पल्लवी आणि लिंगराज दोघंही उन्हाळ्यात तगणारा द्रव शोधत होते. या भागात ज्यांनी हौसेने इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, ते दोन-तीन उन्हाळ्यांत कुरकुरायला लागत. उन्हात बॅटरीतला द्रव हळूहळू बिघडतो, पट्ट्यांवर त्याची साय चढते आणि लिथियमची वाट अडते. यावर पल्लवीचा उपाय असा, की मीठ भरपूर घालायचं आणि ते विरघळवणारं द्रावक जेमतेम. द्रावकाचा कण न् कण मिठाच्या दिमतीला गुंतला, की उन्हात उंडारायला कुणी मोकळा राहत नाही. द्रव उष्णतेला दाद देत नसे, पण व्हायचा काकवीसारखा घट्ट. लिंगराजचा द्रव नेहमीचाच, पातळ. त्यात तो एका औषधाचे चार थेंब टाकायचा. ते थेंब पट्टीवर नाजूक कातडी धरत आणि तिला सांभाळत.

"अक्का, तुमचा पाक एकतारी झाला का?" लिंगराज सकाळी आल्या आल्या विचारायचा.

"झाला. तुझं ताक घुसळून झालं असंल तर पेटी सोड," पल्लवी म्हणायची. आवाज तिचा मुळातच हळू. टोमणासुद्धा ती देवघरात बोलावं तसा मारायची.

बनवलेले सेल, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या, आधी चार्जिंगच्या यंत्राला जोडायच्या आणि मग एका गरम कपाटात ठेवून चालवायच्या. त्या कपाटाचं नाव दोघांनी 'कलबुर्गी' ठेवलं होतं. "माझे कलबुर्गीला गेलेत," असं एकाने म्हटलं की दुसरा "परत येतील का?" असं विचारायचा. पल्लवीचे आतापर्यंतचे परत आले नव्हते. खरं तर तिचे कलबुर्गीपर्यंतही धड पोचले नव्हते. एकाच हाताने, एकाच सकाळी केलेले सेल, पण पहिल्याच चार्जला एक चालायचा, दुसरा लंगडायचा, तिसरा जागचा उठायचाच नाही. जणू एकेकाची आई वेगळी.

दोघांच्या वर पंचशीला मॅडम. मूळच्या औरादच्या. विभाग त्यांचा, किल्ली त्यांची आणि कानही त्यांचेच. त्या कानांना रोजची पाक-ताकाची भांडणं असह्य झाली, तेव्हा भाद्रपदात त्यांनी निकाल दिला.

"अर्धा दिवस हिचा, अर्धा त्याचा, आसं करून दोघांचंबी व्हईना गेलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी दोघंबी आपापले सेल कलबुर्गीला पाठवा. ज्याचे तगतील, वर्षभर पेटी त्याची. दुसऱ्यानं पहिल्या वर्षाच्या पोरांचं टायट्रेशन सांभाळायचं."

टायट्रेशन म्हणजे साठ पोरं, साठ काचेच्या नळ्या आणि थेंबाथेंबाने रंग बदलायची वाट. निम्मी पोरं कंटाळून नळी एकदम सोडून देत आणि फिकट गुलाबीऐवजी गडद जांभळा झालेला चंबू घेऊन, "मॅडम, आलं," म्हणत हसऱ्या तोंडाने उभी राहत. लिंगराजने एक वर्ष ते केलं होतं. तेव्हापासून त्याला जांभळा रंग आवडत नसे.

पल्लवीसाठी मात्र प्रश्न नुसत्या टायट्रेशनचा नव्हता. पेटी गेली म्हणजे पाक गेला. वर्षभर हात लागला नाही तर दुसरीकडे कुणीतरी तो करून मोकळा होईल, हे तिला माहीत होतं. त्यात तिच्या खास मिठाची बाटली तळाला आलेली. नवी बाटली बेंगळुरूहून कधी येईल, ते बेंगळुरूलाच ठाऊक. एक ट्रेभर सेल होतील एवढंच मीठ उरलं होतं.

नवरात्र बसलं. पल्लवीचे नऊ दिवसांचे उपास आणि अनवाणी राहण्याचा नेम होता. प्रयोगशाळेत बंद बुटांशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा मॅडमचा नेम. तेव्हा दोन्ही नेमांनी बसून तोडगा काढला होता, की प्रयोगशाळेच्या दारापर्यंत अनवाणी आणि आत कापडी बूट. घरी सासूबाई कमलबाईंनी घट बसवला होता आणि त्या अखंड दिव्यावर डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. पल्लवी पहाटे तुळजाभवानीची माळ ओढायची आणि मग कॉलेजला यायची. माळ ओढताना देवीकडे काही मागायचं नाही, असाही तिचा एक नेम होता. त्या नवरात्रात तो पाळणं तिला जड जात होतं.

खंडेनवमीला सगळ्या ऑफिसांत, वर्कशॉपांत, गॅरेजांत हत्यारांची पूजा असते, तशी या प्रयोगशाळेतही असायची. पंचशीला मॅडम बौद्ध. त्या स्वतः पूजेला उभ्या राहत नसत, पण कुणाला अडवतही नसत. त्यांच्या अटी दोनच होत्या. आग नाही आणि पाणी नाही. आग नाही, कारण कपाटात भडकणारी द्रावकं. पाणी नाही, कारण पेटी. आता आगीपाण्यावाचून पूजा कशी करायची, हे पल्लवीने दर वर्षी नव्याने शोधून काढलं होतं. कुंकू कोरडं, फुलं कोरडी, नारळ बाहेर व्हरांड्यात आणि निरांजन बाजारात मिळतं ते प्लॅस्टिकचं, बटण दाबलं की ज्योत थरथरणारं.

पूजा तीनला ठरली होती. पल्लवीचा बेत साधा होता. सकाळी पेटीत सेल भरायचे, बाराच्या आत यंत्राला जोडायचे, तीनला पूजा. लिंगराजने तर उजाडताच आपले जोडून टाकले होते. यंत्रावर त्याच्या ओळीतले हिरवे दिवे लुकलुकत होते.

दहाच्या सुमाराला पल्लवीचे दोन्ही हात मोज्यांत असताना मॅडम आल्या.

"पल्लवी, पूजा आत्ताच उरकून घ्या. औरादहून आमची मंडळी जीप घेऊन लवकर निघायलीत, दीक्षाभूमीला जायला. बाराला मला कुलूप लावावं लागतंय. मग थेट दसरा झाल्यावर उघडणार."

उद्याचा दसरा मॅडमसाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन. दर वर्षी त्या नागपूरला जात आणि येताना सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी आणत. त्यांच्यामागे द्रावकांनी भरलेल्या खोलीत कुणी काम करायचं नाही, हा कॉलेजचा नियम होता.

पल्लवीने शेवटचा सेल दाबून बंद केला, ट्रे बाहेर काढला, हात धुतले, पुसले, पदर खोचला आणि पूजेला लागली. घाईत हात नेहमीच्या सवयीनेच चालतात. तिने उजवीकडून सुरुवात केली. पेटीला कुंकू, सेल दाबायच्या यंत्राला कुंकू, तराजूला कुंकू. चार्जिंगच्या यंत्राला पाच बोटं ओढली. लिंगराजच्या लुकलुकत्या ओळीवर झेंडूचं फूल ठेवलं, शेजारच्या रिकाम्या ओळीवरही ठेवलं. सेलांचा ट्रेसुद्धा तिने पूजेत मांडला, वर दोन फुलं. आरती सुरू झाली. निम्म्यात आल्यावर प्लॅस्टिकचं निरांजन मंद मंद होत गेलं आणि विझलं.

"अक्का, ह्याच्यात तुमचाच पाक हाय काय?" लिंगराजने टाळ्या न थांबवता विचारलं.

पल्लवीने आरतीतूनच डोळे वटारले. मग नारळ फुटला. खोबरं-साखर वाटली गेली. लिंगराजने एक बचक तोंडात टाकली आणि यंत्राकडे बघत तो चावायचा थांबला.

"अक्का, तुमचे जोडले न्हाईत व्हय?"

पल्लवीने यंत्राकडे पाहिलं. रिकाम्या ओळीवर झेंडूचं फूल ऐटीत बसलं होतं.

आता हा घोळ दुसरीकडे कुठे घोळच ठरला नसता. फूल उचलायचं, सेल जोडायचे. पण पल्लवीच्या माहेरी आणि सासरीही रीत अशी, की खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उठवायचं नाही. त्या दिवशी तिची आई तुटलेलं बटण लावायला सुईत दोरासुद्धा ओवत नसे. आणि इकडे बॅटरीची रीत अशी, की द्रव भरलेला सेल बिनचार्जचा फार वेळ ठेवायचा नाही. आतल्या पट्टीमागे तांब्याचा पत्रा असतो; सेल नुसता पडून राहिला तर तांबं द्रवात विरघळायला लागतं आणि सेल कामातून जातो. पल्लवी स्वतः दर वर्षी पोरांना हे शिकवायची. दोन्ही रिती तिला तोंडपाठ होत्या. एकमेकींसमोर मात्र त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या.

तिने व्हरांड्यात जाऊन सासूबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, चालू यंत्राची पूजा झाली तर ते बंद करावं लागतंय का?"

"कामून? चालू हाय ते चालू राहू दे की. घटापुढचा दिवा इझवतोत का आपुन?"

"आन् जे बंद हाय ते?"

"निजलेल्याला उठवू न्हाई आज."

"आत्याबाई, पण माझे सेल हायत ना–"

"कोन?"

"सेल. बारक्या बॅटऱ्या. भरून ठिवल्यात. आत्ता जोडल्या न्हाईत तर नासत्याल. आन् मीठबी संपलंय."

"मीठ आनायला हरिओमला सांगते मी."

"ते मीठ न्हाई, आत्याबाई."

"हे बग पल्लवी, तुझ्या बॅटऱ्यांतलं मला काय कळतंय. पर तुला जोडायच्याच असत्या तर तू मला फोन केला नसतास. ठिव आता, माझी भगर बुडाला लागायलीय."

पल्लवी परत आत आली. लिंगराज यंत्रापाशी उभा होता, हात मागे बांधून.

"मी जोडतो अक्का. माझ्या घरीबी आयुधपूजा हाय, पर माझी आई एवढी कडक न्हाई."

"तुझ्या हातानं जोडले तरी जोडणारी मीच की."

"मग डोळे झाकून घ्या. मी जोडलेलं तुमी बघितलंच न्हाई."

"देवी बघतीय ना," पल्लवी म्हणाली.

लिंगराजने मान खाजवली. "अक्का, खरं सांगू का? ह्याच्यात माझाच फायदा हाय. म्हून मला लई वंगाळ वाटायलंय."

मॅडम कुलूप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मी ह्याच्यात काही सांगणार न्हाई, पल्लवी. तुझी श्रद्धा, तुझेच सेल. एवढंच सांगते, की नंतर मुदत वाढवून मागायची न्हाई."

"न्हाई मागणार, मॅडम."

कुलूप लागलं. आत लिंगराजचे दिवे फुलाखाली लुकलुकत राहिले आणि पल्लवीचे सेल ट्रेमध्ये, वर झेंडू घेऊन, निजून राहिले.

दसऱ्याला घरी पुरणपोळी होती, पण पल्लवीला तिची चव लागेना. संध्याकाळी हरिओमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आपट्याचं पान पुढे केलं. "घ्या, सोनं घ्या."

पल्लवीने पान घेतलं, त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तांब्याचं काय झालं असंल?"

हरिओम शाळेत गणित शिकवायचा. प्रश्न अपुरा आहे हे त्याला लगेच कळलं, पण सणाच्या दिवशी त्याने नुसतं दुसरं पान पुढे केलं.

प्रयोगशाळा उघडली तेव्हा पल्लवी सगळ्यांच्या आधी दारात हजर होती. तिने हळद-कुंकू वाहून हत्यारं हलवली, नवमीची फुलं गोळा केली आणि सेल एकेक करून यंत्राला जोडले. मग खुर्ची ओढून बसली. पडद्यावर प्रत्येक सेलची एकेक रेषा चढायला लागते. तिच्या रेषा नेहमी पांगायच्या. कापणीनंतर सोडलेली गुरं पांगतात तशा. लिंगराज तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"एकच रेघ दिसायलीय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाकीचे गेले का, अक्का?"

"न्हाई," पल्लवी म्हणाली. तिने पडद्याला जवळजवळ नाक लावलं होतं. "सगळे त्या एकातच हायत."

सगळ्या रेषा एकमेकींवर चढल्या होत्या, एकाच आईच्या लेकरांसारख्या. तांबं शाबूत होतं. सेल गुपचूप कलबुर्गीला गेले आणि तिथल्या उन्हात असे चालत राहिले, की जणू शेतावरून घरी निघालेत. लिंगराजचेही गेले. त्याचे आधी ऐटीत चालले; मग त्यांच्या रेषा खाली कलायला लागल्या, आधी हळू, मग घाट उतरावा तशा. चार थेंबांची कातडी उन्हात फाटली होती.

"काय घातलंत?" लिंगराजने विचारलं. "खरं सांगा. माझं औषध चोरून घातलं असंल तरी चालतंय."

"काही घातलं न्हाई."

"अक्का, तुमी खोटं बोलत न्हाईत हे मला ठाव हाय. म्हून तर मला भ्या वाटायलंय."

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. मध्ये नागपुरी बर्फीचा डबा होता. "पल्लवी, आधीच्या ट्रेमधी आन् ह्या ट्रेमधी फरक काय?"

इथे पल्लवीला गप्प बसून पेटी घेता आली असती. सेल तगले होते, अट तेवढीच होती. पण ती हळूच म्हणाली, "फरक एकच हाय. हे सेल निजले."

मग तिने सांगितलं. गेले काही दिवस पोळ्या लाटताना, माळ ओढताना, गुलाबजाम तळताना तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. पाक घट्ट. पडद्याची छिद्रं बारीक. ती नेहमीच्या पातळ द्रवाच्या हिशोबाने सेल भरून थोड्या वेळात जोडून टाकायची. तोवर पाक कुठे पोचलेला, कुठे अजून वाटेवरच. कोरड्या जागी चार्ज पोचला नाही की सेल लंगडा. या खेपेला सणाने त्याला मुरायला वेळ दिला. तांब्याचं म्हणाल, तर त्याला विरघळवायला मोकळं द्रावक लागतं, आणि पाकात मोकळं कुणी नाहीच.

"आसं तुला वाटतंय का तुझी खात्री हाय?" मॅडमनी विचारलं.

"वाटतंय."

"मग खात्री करून घे. नवं मीठ आलं की परत करा. एक ट्रे भरल्या भरल्या जोडायचा, एक निजवायचा. निजलेला तगला आन् दुसरा लंगडला, तर पेटी तुझी. दोन्ही सारखेच लंगडले, तर पहिली खेप नशिबाची; मग पेटी लिंगराजची."

लिंगराजने बर्फीचा तुकडा उचलला आणि हातातच धरला. "मॅडम, तिसरा ट्रे पायजे."

"कशाला?"

"निजवायचा, वर कुंकू लावायचं, झेंडू ठिवायचा. तवाच तर कळंल निजल्यानं झालं का पूजेनं."

तो खोडी काढत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण पंचशीला मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "दोन गोष्टी बदलल्यात तर दोन्ही तपासायच्या. पल्लवी, तुझी हरकत असंल तर न्हाई करायचं."

"उद्या सांगते," पल्लवी म्हणाली. तिसऱ्या ट्रेला जास्त यश आलं, तर शोधनिबंधात काय लिहायचं? पंधराव्या ओळीत 'झेंडूची दोन फुलं' असं? आणि कमी आलं, तर घरी देवघरात कोणत्या तोंडाने बसायचं? शिवाय मुख्य शंका वेगळीच होती, आणि ती तिने रात्रीच्या स्वयंपाकाला बसताना सासूबाईंनाच विचारली.

"आत्याबाई, परीक्षा म्हून केलेली पूजा देवीला लागती का?"

कमलबाई मेथी निवडत होत्या. "कुनाची परीक्षा?"

"तिचीच म्हणायची की."

"तिची परीक्षा तर रोजच चाललीय आपल्या घरात. हरिओमची बदली व्हऊ दे, गुडघा थांबू दे, शेजारनीची गाय आपल्या अंगनात नको येऊ दे." त्यांनी काडी बाजूला टाकली. "तू मनापासून कर म्हंजे झालं. खोटी तेवढी करू नको."

नवं मीठ दिवाळीनंतर आलं. पल्लवीने तीन ट्रे भरले. पहिला लगेच जोडला. दुसरा साध्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात निजवला, तिसरा खालच्या. तिसऱ्यापुढे उभी राहून तिने डोळे मिटले, कोरडं कुंकू लावलं आणि दोन फुलं ठेवली. हात जोडले. काही मागितलं नाही. लिंगराज मागे उभा होता. त्याला विचारलं असतं तर म्हणाला असता की प्रयोगाच्या नोंदीसाठी उभा आहे, पण त्याने पायातले बूट काढून ठेवले होते आणि मॅडमनी त्याबद्दल त्याला नंतर झापलं.

पहिल्या ट्रेने गुरं पांगवली, नेहमीसारखी. एक चालला, दोन लंगडले, बाकीचे उठलेच नाहीत. मग दुसरा आणि तिसरा ट्रे जोडला. त्या दिवशी उपास नसूनही पल्लवी जेवली नव्हती. लिंगराजने दोन्ही ट्रेंच्या रेषा एका पडद्यावर आणल्या, दुसऱ्याच्या निळ्या आणि तिसऱ्याच्या, त्याच्याच आग्रहाने, कुंकवासारख्या लाल.

निळं कुठे संपतं आणि लाल कुठे सुरू होतं, ते सांगता येईना. कलबुर्गीला जाऊन आल्यावरही सांगता येईना.

"सारखेच," लिंगराज म्हणाला. त्याचा आवाज जरा ओशाळल्यासारखा झाला होता. "अक्का, तुमाला वाईट तर न्हाई ना वाटलं?"

पल्लवी पडद्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं, की कुठेतरी बारीक कळ उठेल. तसं काही झालं नाही. उलट तिला सपाटून भूक लागली. "वाईट कशाचं? फुलं वाहिली त्यांनाबी तेवढंच दिलं, न्हाई वाहिली त्यांनाबी तेवढंच. तिनं लेकरांत फरक केला न्हाई." मग ती डबा उघडायला व्हरांड्यात गेली.

पेटी पल्लवीला मिळाली. लिंगराजने सोमवारी टायट्रेशनच्या वर्गाची किल्ली घेतली, जांभळ्या रंगाला लांबूनच नमस्कार केला आणि गेला. आठवडाभर काही झालं नाही. पेटीसमोर आता भांडायला कुणी नव्हतं आणि पल्लवीला सकाळचे पहिले दोन तास करमत नसे. त्यात पाकाची खोड तीच होती, की मुरायला फार वेळ घ्यायचा. बटणाएवढ्या सेलात ठीक; गाडीच्या मोठ्या बॅटरीत तो मुरेपर्यंत गाडीवाला म्हातारा होईल.

एके दिवशी लिंगराज दोन तासांच्या मध्ये धावत वर आला. बोटं जांभळी झालेली.

"अक्का, मिसळलं तर?"

"काय?"

"पातळ असं काहीतरी, ज्याच्या नादी मीठ लागतच न्हाई. मीठ न् तुमचं द्रावक आपापसात जसे गुंतलेत तसेच राहतील. फकस्त मधी पातळपणा येईल. पाक पाकच राहील, पर वाहील ताकासारखा. पोरांचे थेंब मोजता मोजता डोक्यात आलं." त्याने खिशातून एक छोटी बंद बाटली काढली. "हे आसंल बगा तसं. तुमी घालून बगा. पेटी तुमची हाय."

पल्लवीने बाटली उजेडात धरली. मग त्याच्याकडे पाहिलं. "कल्पना तुझी. तुझ्या हातानं घाल."

"मला पेटी कुठाय?"

"एक हात घाल. दुसरा माझा."

आणि मग त्या पेटीने आजवर बघितलं नव्हतं ते बघितलं. डाव्या मोज्यात पल्लवीचा हात, उजव्या मोज्यात लिंगराजचा. दोघं खांद्याला खांदा लावून, पण मध्ये अंतर राखायचं म्हणून दोघंही बाहेरच्या बाजूला झुकलेले. पल्लवीने पाकाची कुपी धरायची, लिंगराजने थेंब सोडायचा. त्याचा हात तिच्या हाताला तीनदा आपटला.

"कुपी हलवू नका की, अक्का."

"मी न्हाई हलवत, तू ढकलायलास."

"तुमचा अंगठा माझ्या वाटेत हाय."

"अंगठा माझा हाय, त्याला कुठं ठिवू?"

दारात पंचशीला मॅडम उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"पेटी मी कुणाला दिली होती?"

"मला," पल्लवी काचेवरून नजर न हलवता म्हणाली.

"मग हा उजवा हात कुणाचा हाय?"

"पाहुणा हाय, मॅडम."

"पाहुण्याचा वर्ग कितीला हाय?"

लिंगराज दचकून हात ओढायला लागला, तसा पल्लवीचा आवाज, कधी नव्हे तो, जरा चढला. "हलू नको. थेंब टोकाला आलाय."

मॅडम पुढे आल्या, चष्मा कपाळावर सारला आणि काचेशी वाकल्या. खाली वर्गात साठ पोरं हातात नळ्या धरून वाट बघत होती, आणि वर तिघंही श्वास रोखून त्या एका थेंबाकडे बघत उभे होते.